कादंबरी छापून झाली, आता भेट प्रत मागू नका

माननीय संपादक महाशय,

स.न.वि.वि.

मागे तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांनी लिहिलं होतं की सीमाभागात मराठीसाठी मोर्चे निघतात, गावोगाव संमेलनं होतात, पण कादंबरी कुणी लिहीत नाही, जो तो कवी. अर्धं खरं आहे. कवी जास्त आहेतच, चारोळी काय बसची वाट बघताना पण होते. पण कादंबरी लिहिली जात नाही हे काही पटलं नाही. लिहिली जाते, पदरचे पैसे घालून छापली पण जाते, फक्त विकत घेतली जात नाही. माझ्या ओळखीत बेळगाव, खानापूर, निपाणी धरून स्वतः कादंबरी छापलेली माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या घरी दिवाणाखाली नाहीतर माळ्यावर गठ्ठे आहेत, त्यामुळे हे पत्र. थोडं लांबणार, आधीच सांगतो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअर आणि कॉस्टिंग बघतो. माझी पण एक कादंबरी आहे, स्वतःच छापलेली. तिचं नाव सांगत नाही, नाहीतर म्हणाल पत्राच्या नावाखाली जाहिरात करायलाय.

तर पहिला प्रश्न लोक विचारतात तो हा की प्रकाशक का नाही बघितला. बघितला की. सगळेच बघतात. पुण्याला पाठवा, कोल्हापूरला पाठवा, सहा-आठ महिने काही उत्तर नाही, आणि मग कधीतरी फोन येतो, आवाज अगदी गोड, लिखाण छान आहे म्हणतात, वेगळं विश्व आहे म्हणतात, आणि शेवटी विचारतात, "तुम्ही स्वतः किती प्रती उचलणार?" म्हणजे दोनशे-तीनशे प्रती लेखकानं घ्यायच्या, त्याचे पैसे आगाऊ द्यायचे, आणि पुस्तकावर नाव प्रकाशकाचं. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती निघायची ती आता तीनशे-पाचशेवर आली असं तेच सांगतात, नवीन लेखकाच्या कादंबरीत पैसा अडकवायला कोण बसलंय. त्यात बेळगाव म्हटलं की त्यांना वाटतं तिकडे आता मार्केट कुठाय. पण पैसे मीच घालायचे असतील तर मग पुस्तक पण माझंच असू दे ना, एवढा साधा हिशोब करून बरेच जण स्वतः छापायला लागतात.

आणि तिथेच पॅकेजवाले भेटतात. फेसबुकवर एकदा 'कादंबरी प्रकाशन' असं शोधलं की पुढचे दोन महिने त्यांच्याच जाहिराती. खानापूरकडच्या एक शिक्षिका आहेत, जंगलाकडेच्या गावांवर त्यांनी फार चांगली कादंबरी लिहिलीय, त्यांनी असंच एक पॅकेज घेतलं. त्यात काय काय होतं ते त्यांनी मला कागदच दाखवला. मुखपृष्ठ, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कॉपीराइट प्रोटेक्शन, ऑल इंडिया डिस्ट्रिब्युशन, आणि लेखकाला थोड्या प्रती. ऑल इंडिया डिस्ट्रिब्युशन म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन वेबसाइटवर पुस्तकाचं पान उघडलं, बस. एका दुकानात प्रत गेली नाही. बाईंना आपल्याच पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती पाहिजे झाल्या तर त्या कंपनीकडून विकत घ्यायच्या, वर ऑथर डिस्काउंट दिला म्हणून आभार मानायचे.

नवीन लिहिणाऱ्यांसाठी इथे दोन-तीन गोष्टी सांगतो कारण ह्या कुणी सांगत नाही. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीला राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, केंद्राच्या शिक्षण खात्याखाली, त्यांच्या पोर्टलवर लेखक स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो, एक रुपया फी नाही. पॅकेजवाला त्याच्या नावावरचा आयएसबीएन देतो तेव्हा कागदोपत्री प्रकाशक तो असतो, तुम्ही नाही. कॉपीराइटचं पण तसंच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं त्याच क्षणी हक्क लेखकाचा, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि करायचीच असेल तर साहित्यकृतीला सरकारी फी ५०० रुपये आहे. आणि करारावर सही करताना बघायचं ते कलम १९. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी पाहिजे, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं पाहिजे, मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. आता बाईंच्या करारात काय होतं, तर 'सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी'. म्हणजे उद्या कुणी त्यावर वेबसिरीज काढायला आला तर बाईंनी बघत बसायचं. पुस्तक निघालं तरी त्या करारावर त्यांची सही व्हायची राहिली होती, नशीब.

छपाईचं म्हणाल तर ती आपल्या गावात चांगली होते, कुठे लांब जायची गरज नाही. फक्त टायमिंग बघावं लागतं. लग्नाचा सीझन असला की सगळे प्रेस पत्रिकांत बुडालेले, एका बाजूला कन्नड पत्रिका दुसऱ्या बाजूला मराठी, त्यात इलेक्शन आली तर विचारूच नका. माझं डीटीपी शहापूरला झालं. ऑपरेटर पोरगा हुशार, घरी कन्नड बोलणारा पण मराठी टायपिंग असं की बोटं दिसत नाहीत, आणि गंमत म्हणजे माझी कादंबरी पहिल्यांदा पूर्ण वाचली ती त्यानंच. सातवं प्रकरण संपल्यावर म्हणाला, सर त्या मोल्डरला परत कामावर घ्या की, लई वाईट वाटतंय. मोल्डर म्हणजे साचे करणारा कामगार. ह्यापेक्षा चांगला अभिप्राय मला अजून कुठल्या प्राध्यापकानं दिलेला नाही.

पण टायपिंग झालं श्रीलिपीत, म्हणजे प्रेसवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि नंतर तीच फाइल किंडलसाठी युनिकोडमध्ये बदलली तेव्हा खरा घोळ झाला. आपला तो पुढच्या अक्षराला डावीकडून जोडलेला अर्धा र आहे ना, दुसऱ्या, वाऱ्यावर, बिऱ्हाड ह्यातला, तो कन्व्हर्टरला कळतच नाही, सगळीकडे 'दुसर्या' आणि 'वार्यावर' करून ठेवलं. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा 'निखार्यांच्या' उजेडात दिसतो असं वाचलं की सगळी हवाच जाते. फाइंड-रिप्लेस मारला तर 'आचार्य' चा 'आचाऱ्य' झाला, 'सूर्य' चा 'सूऱ्य'. मग काय, पान पान हातानं. ज्याला ई-बुक काढायचंय त्यानं पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्या, प्रेसवाला कुरकुर करेल, करू दे.

प्रूफाचं एक सांगून पुढे जातो. पुण्याच्या एका परिचितांनी प्रेमानं प्रूफ बघून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि इथल्या कंग्राळी गावच्या मोल्डरला सदाशिव पेठेत नेऊन बसवलं. जिथे 'काय करायलायस रं' तिथे 'काय करतो आहेस रे'. सगळं परत उलट फिरवलं. त्यांचा राग नाही, पण प्रूफ बघणारा आपल्या भागातला पाहिजे.

आता पैशाचं, हे माझं रोजचं काम. समजा २४० पानांची कादंबरी, डेमी साइज, म्हणजे एका फॉर्ममध्ये सोळा पानं असे १५ फॉर्म, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, चार रंगी मुखपृष्ठ. प्लेटा, मुखपृष्ठ, डीटीपी हा खर्च तुम्ही तीनशे छापा नाहीतर हजार, तेवढाच, म्हणून कमी प्रती काढल्या की प्रत महाग पडते. समजा सगळं धरून एक प्रत १३० ला पडली आणि किंमत ठेवली ३००. लोक म्हणतात बघा, १७० सुटतात! कुठले सुटतात. वितरक-दुकानदार मिळून ४५ टक्के घेतात, म्हणजे १३५ गेले, हातात आले १६५, त्यातनं १३० वजा केले की उरले ३५. आणि हे पण पुस्तक खपल्यावर, हिशोब कधी होईल तेव्हा. पुस्तकावर जीएसटी नाही हे बरोबर, पण कागदावर आहे, सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदाचा १२ चा १८ टक्के झाला, आणि पुस्तकावर टॅक्सच नसल्यामुळे तो कुठे वजा करून घेता येत नाही, मुकाट किमतीत चढतो.

आता ह्या ३५ रुपयांच्या हिशोबात तीस भेट प्रती वाटल्या असं धरा. तीस गुणिले १३० म्हणजे ३,९००. ते भरून काढायला शंभराच्या वर प्रती विकाव्या लागतात. एवढ्या प्रती ह्या भागात एका वर्षात विकणारा नवा कादंबरीकार मला दाखवा, मी त्याला घरी बोलावून जेवायला घालतो.

आणि तीसच मागतात असं कुठाय. पुस्तक आल्याचं कळलं की सुरू होतं, "काय हो, आम्हाला नाही का प्रत?" ऑफिसात, गल्लीत, भिशीत, लग्नात पंगतीला बसलेलं असताना. मागणारा माणूस गरीब असतो असं नाही. शनिवारी गोव्याला जाऊन येतो, हॉटेलात सहज हजार घालवतो, पण तीनशेचं पुस्तक लेखकाकडून विकत घ्यायचं म्हणजे त्याला आपलेपणा कमी झाल्यासारखा वाटतो. सोयऱ्यांचं तर वेगळंच, मेव्हण्याकडून पैसे घेतले म्हणून अजून बोलणं ऐकतोय. आणि फुकट नेलेलं पुस्तक वाचतात का? नाही वाचत. मी कॉस्टिंगवाला आहे, मी नंतर विचारतो. सातव्या प्रकरणात काय झालं विचारलं की माणूस चहा मागवतो.

लायब्ररीचं पण तेच. मी कुणाचं नाव घेत नाही पण खेड्यातल्या बऱ्याच वाचनालयांत गेलं की आधी खुर्ची देतात, मग रजिस्टर काढतात, 'भेट' ह्या रकान्यात लिहितात, शिक्का मारतात, आणि फोटो. विकत घ्यायचा विषय काढला की बजेट नाही. नसतं पण बऱ्याच ठिकाणी, खोटं नाही. पण पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशनांची पुस्तकं विकत येतात आणि गावातल्या लेखकाचं तेवढं भेट येतं हे कसं काय.

कायद्यानं भेट द्याव्या लागतात त्या चार प्रती मी आनंदानं पाठवल्या. हे पण नवीन लोकांना माहिती नसतं. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक छापणारा प्रकाशक, म्हणजे इथे आपणच, त्यानं ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं प्रती पाठवायच्या, कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला, चेन्नईच्या कन्नेमराला, मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला. तिथे जपून ठेवतात. उद्यमबागेतल्या भट्टीवरची कादंबरी कोलकात्यात कपाटात आहे आणि इथे शेजारच्या अनगोळात नाही.

ऑनलाइनचं सांगतो कारण तरुण पोरं म्हणतात काका कागदावर छापताच कशाला. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटापासून आली, टाकायला पैसे लागत नाहीत, हे खरंच चांगलं आहे. रॉयल्टी ३५ टक्के नाहीतर ७० टक्के. पण भारतातल्या विक्रीवर ७० पाहिजे तर सिलेक्ट ह्या किंडलच्याच योजनेत नाव घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही, प्रतिलिपी ह्या ऑनलाइन वाचनाच्या अॅपवर प्रकरणं टाकलेली असतील तर ती आधी काढा. सिलेक्टमध्ये लोक वर्गणीवर वाचतात त्याचे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, म्हणजे तिथे एकूण किती पानं वाचली गेली ते तुमच्या खात्यात दिसतं, ही शिक्षा आहे का बक्षीस ते ज्यानं त्यानं ठरवावं. पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी जमा होतात. प्रतिलिपीवर वाचक भरपूर, आणि ते बोलतात, प्रकरण उशिरा टाकलं तर दम देतात, कादंबरी लिहायची सवय लागायला ह्याच्यासारखं काही नाही, आणि ते सगळं मराठी आपल्या राज्याच्या राजधानीतून, बेंगळुरूतून चालतं ही पण एक मजाच. पण पन्नाशीच्या पुढचा जो आपला खरा मराठी वाचक आहे, वडगाव-शहापूर-खानापूरचा, त्याला पुस्तक हातात लागतं. त्याला मोबाइलवर मिळते ती पीडीएफ, फुकट, ग्रुपवर कुणीतरी टाकलेली. माझ्या ओळखीच्या एका लेखकाला स्वतःच्याच कादंबरीची पीडीएफ 'नक्की वाचा' म्हणून फॉरवर्ड आली. वर हात जोडलेले.

पोस्टानं एक दार उघडलंय ते तेवढं वापरा. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट अचानक बंद झालं तेव्हा घरनं पुस्तकं पाठवणाऱ्यांचं कंबरडंच मोडलं होतं, तीनशेच्या पुस्तकाला कुरियरला ऐंशी-शंभर कोण देणार. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर टॅक्स. २४० पानांची कादंबरी पाकिटासकट ३०० च्या जरा वर जाते आणि पुढच्या स्लॅबमध्ये पडते, तरी परवडतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पाहिजे, आत धंद्याच्या जाहिराती नकोत. काउंटरवर माहिती नसेल तर जरा थांबून समजावून सांगायचं, ऐकतात.

तर एवढं सगळं सांगून माझं म्हणणं एकच आहे. छापणं अवघड राहिलेलं नाही, लिहिणारे आहेत, आणि सीमाभागात मराठीवर प्रेम आहे ह्यात मला तर शंका नाही, लोकांनी लाठ्या खाल्ल्यात. पण ते प्रेम पुस्तकाच्या काउंटरवर पाकिटात हात घालत नाही. मराठीतली पहिली कादंबरी समजतात ती १८५७ ची, ती लिहिणारे बाबा पदमनजी जन्मानं बेळगावचे. १९२९, १९४६ आणि २००० ला अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ ला इथेच झाला. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो, मी पण टाळ्या वाजवतो. पण हे ऐकून झाल्यावर बाहेर टेबलावर गावातल्या बाईंनी लिहिलेली कादंबरी पडलेली असते, तिच्यासमोर माणूस पाच मिनिटं उभा राहून चाळतो, किंमत बघतो, "छान आहे हं, लिहीत राहा" म्हणतो आणि जेवणाच्या लाइनीत जाऊन उभा राहतो.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, कारदगा, किती गावं संमेलनं भरवतात, गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडीत बायका नऊवारी नेसून नाचतात, महाराष्ट्रात पण अशी खेड्यातली संमेलनं एवढी होत नसतील. त्या आयोजकांबद्दल आदर ठेवून सांगतो. दिंडीत पालखीत ग्रंथ असतो ना, त्यात एक तरी ह्या वर्षी ह्या भागात छापलेला असू द्या. पाहुण्यांना शाल, श्रीफळ, मोमेंटो देता, तो खर्च एका माणसाला चारशे-पाचशेच्या घरात जातो, शाली त्यांच्या घरी कपाटात मावत नाहीत, त्याऐवजी इथल्या लेखकाकडून कादंबरी विकत घेऊन द्या. पाहुणा पुण्याला जाताना गाडीत चार पानं वाचेल, आवडली तर तिकडे कुठे लिहील. आणि टेबल. स्वतः पुस्तक काढलेल्यांसाठी एक टेबल मंडपाच्या तोंडाशी, भाडं न घेता. मागच्या बाजूला जिलेबीच्या कढईशेजारी नको.

दुसरं, लायब्ररी. कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय सेस आपण भरतो, १९६५ च्या ग्रंथालय कायद्यातला, ६ टक्के. पावती काढून बघा, असतो. आपण भरलेल्या पैशातनं आपल्या भागातल्या सरकारी वाचनालयात मराठी पुस्तकं पण घ्या म्हणायला आपल्याला मोर्चाची गरज नाही, अर्जाची आहे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मागणीची वही असेल तर तीत लिहा, नसेल तर वही द्या. ह्यात कन्नडविरोधी काही नाही, उलट कन्नडवाल्यांकडून शिकायसारखंच आहे. दीड-दोन तासांवर धारवाड. तिथली मनोहर ग्रंथमाला १९३३ ला सुरू झाली, वाचकांना वर्गणीदार करून घ्यायचे, वर्षाची वर्गणी आधी, पुस्तकं घरपोच. कन्नडचे मोठमोठे लेखक त्यातनं आले. आपल्याकडे पण जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी आश्रयदात्यांची यादी असायची, अमुक गावचे अमुक, प्रती दोन. म्हणजे रीत आपलीच, आपण सोडून दिली.

म्हणून तिसरं हे, आणि ह्याच्यावर मी आणि आमचे दोघे-तिघे खरंच काम करायलोय. शंभर वर्गणीदार. वर्षाला हजाराच्या आत, तीन कादंबऱ्या, तिन्ही ह्या भागातल्या माणसांनी लिहिलेल्या, घरपोच. शंभर प्रती आधीच गेल्या की वितरकाचे ४५ टक्के वाचतात, प्लेटांचा खर्च निघतो, लेखक निम्मा सुटतो. निवड करायला वाचणारी माणसं पाहिजेत, लिहिणारी नकोत, नाहीतर आपापल्या पुस्तकाचं भांडण. आपल्याकडे गल्लीला एक सोसायटी, एक सौहार्द म्हणजे सहकारी पतसंस्था आहे, दरवर्षी सभासदांना स्टीलचे डबे नाहीतर बॅगा वाटतात, एखाद्या वर्षी कादंबरी वाटली तर हजार प्रतींची आवृत्ती एका दिवसात संपते. चेअरमन मंडळी हसतील, मी दोघांशी बोललोय, एक जण नुसता हसला, दुसऱ्यानं किंमत विचारली. दुसऱ्याकडे परत जाणार आहे.

भेट प्रत मागणाऱ्यांना मी आता काय सांगतो ते पण लिहितो, लेखकांच्या उपयोगी पडेल. म्हणतो, देतो की, फक्त आधी ह्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून द्या, वाचून. ऐंशी टक्के तिथेच गळतात. उरलेले लाजून विकत घेतात. एका आज्जींनी मात्र खरंच वाचून चार पानं लिहून आणली, त्यात दोन चुका पण दाखवल्या, त्यांना प्रत दिलीच, आणि त्यांनी पदराच्या गाठीतनं तीनशे काढून टेबलावर ठेवले, घेत नाही म्हटलं तर रागावल्या.

संपादक साहेब, एक विनंती तुम्हाला पण. पुस्तक परिचयासाठी पेपरवाले दोन प्रती मागतात, ते ठीक आहे, जुनी पद्धत आहे, पण परिचय छापताना किंमत आणि पुस्तक कुठे मिळेल ते शेवटी छापत जा, आणि लेखकानं स्वतः छापलेलं असेल तर त्याच्या संमतीनं फोन नंबर. बऱ्याच वेळा जागा कमी पडली की तीच ओळ कापली जाते आणि विक्री त्याच ओळीवर असते.

पत्रात माझं नाव छापू नका, नुसतं गाव घाला. आणि जागा कमी पडली तर जीएसटी, पोस्ट, किंडल काय पाहिजे ते कापा, संमेलनातल्या टेबलाचं तेवढं ठेवा, हंगाम जवळ आलाय.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव